स्क्रीनकास्ट पाठांची घडण : मराठी अध्यापनाच्या दृष्टीने एक आढावा

संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर घडणाऱ्या क्रिया, म्हणजे कर्सरची हालचाल, उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खिडक्या, टंकली जाणारी अक्षरे, जशाच्या तशा मुद्रित करून त्यांना निवेदनाची जोड दिली की जी चित्रफीत तयार होते तिला स्क्रीनकास्ट म्हणतात. हे नाव २००४ सालचे आहे. जॉन युडेल या अमेरिकी तंत्रलेखकाने आपल्या वाचकांकडून नावे मागवली आणि त्यांतून हे निवडले. तंत्र त्याहून जुने असून लोटस कंपनीचे स्क्रीनकॅम हे मुद्रणसाधन १९९०च्या दशकातच वापरात होते. पुढच्या काळात या साधनांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. २०१२ साली सुरू झालेले ओबीएस स्टुडिओ हे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, आणि पडदा मुद्रित करण्याची सोय ॲपलच्या फोनमध्ये २०१७पासून, तर अँड्रॉइडमध्ये २०२०च्या अकराव्या आवृत्तीपासून अंगभूतच आहे. साधन सोपे झाले तेव्हा पाठ करणेही सोपे झाले असा समज पसरला, आणि या विषयावरील बरेचसे मार्गदर्शन कोणते बटण कुठे आहे हे सांगून थांबू लागले. प्रत्यक्षात मुद्रण हा या निर्मितीतील सर्वांत लहान भाग आहे. पाठाचे बरेवाईट मुद्रणाआधी लिहिल्या जाणाऱ्या संहितेत आणि मुद्रणानंतर शिकणाऱ्याच्या हाताला मिळणाऱ्या कामात ठरते. या दोन्ही बाबतींतला मोलाचा अनुभव महाराष्ट्रातच जमा झालेला आहे, तरी सामान्य शिक्षकाच्या हाती तो अजून पुरेसा आलेला नाही.

हा प्रश्न हवेत न ठेवता रायगड जिल्ह्याच्या समुद्रापासून आत असलेल्या भागात, म्हणजे कर्जत व खालापूर तालुक्यांत, उतरवून पाहिला तर त्याचे पदर स्पष्ट दिसतात. खोपोलीला लागून असलेल्या साजगावच्या आसपास एकीकडे कारखान्यांचा पट्टा आहे आणि कर्जतहून खोपोलीपर्यंत उपनगरी रेल्वे येते. दुसरीकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी ठाकूर व कातकरी वाड्या आहेत, जिथे मोबाईलचे नेटवर्क डोंगराच्या आडोशावर अवलंबून असते. अभियांत्रिकीची महाविद्यालये, जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा आणि कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र हे सारे याच टापूत येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे संगणक असतो, आठवीतल्या मुलीच्या वाट्याला घरातला एकुलता फोन संध्याकाळी येतो, आणि बचत गटाच्या हिशेबनीस बाईंना वहीतला जमाखर्च तक्त्यात कसा मांडायचा एवढेच शिकायचे असते. एकच चित्रफीत या तिघांनाही उपयोगी पडेल असे गृहीत धरणे हीच अनेक पाठांची पहिली चूक असते.

मराठीत स्क्रीनकास्टचा सर्वांत शिस्तबद्ध प्रयोग पवईच्या आयआयटी मुंबईत झाला. तेथील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला आणि केंद्र सरकारच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला निधी मिळाला. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब, लेटेक अशा मुक्त सॉफ्टवेअरवर सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार करणे, ते आधी इंग्रजीत करून नंतर मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन नव्याने मुद्रित करणे, आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुले ठेवणे, ही त्याची चौकट आहे. या परवान्यामुळे मूळ श्रेय देऊन आणि तीच मोकळीक पुढे कायम ठेवून कोणीही पाठाची प्रत काढू शकतो, वाटू शकतो, बदलू शकतो. पाठ शिक्षकाविना, स्वतःहून शिकणाऱ्यासाठी रचलेले आहेत, आणि इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत ते आधी उतरवून घेऊन चालवता येतात, ही बाब दुर्गम तालुक्यांच्या दृष्टीने मोठी आहे.

या प्रकल्पाकडून घेण्यासारखे सर्वांत मोलाचे म्हणजे त्याची कामाची पद्धत. प्रत्येक पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते: एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्याच वेळी काय बोलले जाईल. या मांडणीमुळे लेखकाला प्रत्येक वाक्यासमोर एक कृती ठेवावी लागते, आणि जे वाक्य कोणत्याही कृतीला चिकटत नाही ते आपोआप संशयास्पद ठरते. संहिता विषयतज्ज्ञ तपासतो. पण त्यापाठोपाठ जी तपासणी होते ती अधिक महत्त्वाची आहे. ते सॉफ्टवेअर आधी न वापरलेल्या माणसाच्या हाती संहिता दिली जाते आणि ती वाचून त्याने सर्व पायऱ्या स्वतः करून पाहायच्या असतात. तो जिथे अडतो तिथे संहितेत एक पायरी गाळली गेलेली असते, कारण जाणकार माणूस स्वतःच्या हाताला सवयीचे झालेले शब्दांत मांडायला विसरतो. मुद्रण या टप्प्यानंतर होते. ते झाल्यावर पुन्हा परीक्षण होते, आणि कोणत्या सेकंदाला कोणते वाक्य येते याची कालांकित संहिता तयार केली जाते, जिच्या आधारे भाषांतरकार व निवेदक आपापले काम करतात. ज्या शिक्षकाने थेट मुद्रणाचे बटण दाबून, अडखळत, मागे जाऊन, ‘थांबा, हे इथे नाही’ असे म्हणत पाठ केला असेल, त्याला या क्रमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

या पाठांच्या मराठी आवृत्तीत पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो, फक्त आवाज मराठी होतो. हा निर्णय वरवर अर्धवट वाटला तरी त्यामागे विचार आहे: शिकणाऱ्याला पुढे नोकरीच्या ठिकाणी जे सॉफ्टवेअर हाताळायचे असते त्याचे मेनू इंग्रजीत असतात, तेव्हा समजूत आपल्या भाषेत यावी आणि हाताला मात्र प्रत्यक्षातल्याच पडद्याची सवय व्हावी. भाषेच्या अंगाने येथे एक बारीक प्रश्न उभा राहतो. ‘फाइल मेनूवर क्लिक करा’ या मराठी वाक्यात वस्तू आधी येते आणि क्रिया शेवटी. मुळातच मराठीत मुद्रित केलेल्या पाठात हा क्रम फार सोयीचा असतो, कारण ‘फाइल मेनूवर’ हे शब्द उच्चारले जात असताना कर्सर तिथे पोचतो आणि ‘करा’ या शब्दावर क्लिक होते. ऐकणाऱ्याची नजर कृतीच्या आधी योग्य जागी गेलेली असते. दृश्य इंग्रजी निवेदनाच्या गतीने बांधलेले असेल तर हा लाभ हातचा जातो, शिवाय मराठी वाक्य लांबले की पुढच्या दृश्यावर सांडते, म्हणून ते छाटून बसवावे लागते. म्हणून मराठी शिक्षकाने स्वतःचा पाठ करताना इंग्रजी संहितेचे भाषांतर हाती घेण्यापेक्षा दृश्य आणि निवेदन दोन्ही मराठीच्या चालीने नव्याने रचणे श्रेयस्कर आहे.

याच संस्थेत आई व बाळाच्या पोषणावरचे पाठही याच धाटणीने तयार झाले आहेत. त्यांत संगणकाच्या पडद्याऐवजी आकृत्या व चलचित्रे असली, तरी लिहिलेली संहिता, तिची तपासणी आणि अनेक भाषांतील निवेदन ही पद्धत तीच आहे. पद्धत विषयाला बांधलेली नसते हे यावरून दिसते, आणि कुपोषणाचा प्रश्न असलेल्या आदिवासी वाड्यांच्या संदर्भात ही शक्यता लिबरऑफिसपेक्षा अधिक निकडीची ठरू शकते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. कातकरी समाज हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक असून त्याची घरची बोली वेगळी आहे. प्रमाण मराठीतले निवेदन त्या घरांत मातृभाषेचे काम करतेच असे नाही. आवाज सहज बदलता येणे हे स्क्रीनकास्टचे वैशिष्ट्यच आहे, तेव्हा कातकरीत किंवा ठाकरी बोलीत निवेदनाचा पट्टा चढवण्याला तांत्रिक अडचण कोणतीही नाही; ती बोली बोलणाऱ्या तरुणांना संहितेच्या कामात बरोबर घेणे एवढेच बाकी राहते.

शैक्षणिक चित्रफितींची मराठी परंपरा याआधीची आहे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली आणि २०१७मध्ये बंद पडली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून दूरशिक्षण देत आहे. पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांच्या गटाने टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करण्याच्या छोट्या फिती तयार केल्या, ज्यांत हातच दिसतात आणि आवाज भाषेनुसार बदलतो. या शेवटच्या कामाचे स्क्रीनकास्टशी नाते जवळचे आहे, कारण दोन्हींत बोलणाऱ्याचा चेहरा गौण आणि करण्याची क्रिया मुख्य असते. त्यानंतर आली ती मार्च २०२०ची टाळेबंदी. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालवला, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर आली, आणि हजारो शिक्षकांनी आपापले तास मुद्रित करून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत पाठवले. त्या शिक्षकांची तळमळ खरी होती आणि तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. तरीही त्यांतल्या बहुतेक फिती म्हणजे चालू तासाचे मुद्रण होते, शिकणाऱ्याने थांबवून-थांबवून करण्यासाठी रचलेला पाठ नव्हता, आणि म्हणून शाळा उघडल्यावर त्यांच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण उरले नाही. वर्गातल्या तासाला समोरच्या मुलांचे चेहरे दुरुस्त करत असतात. मुद्रित पाठाला ती दुरुस्ती आधीच, कागदावर, करून घ्यावी लागते.

चित्रफितींतून शिकण्याबद्दलचे संशोधन या बाबतीत काय सांगते हे पाहताना दोन प्रवाह लक्षात घ्यावे लागतात. पहिला मानसशास्त्रातून येतो. जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या बोधभाराच्या सिद्धान्तानुसार माणसाची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी हाताशी धरता येणाऱ्या गोष्टींची जागा, फार अपुरी असते आणि पाठाची वाईट रचना ती वायफळ खर्च करते. रिचर्ड मेयर यांनी यावर बहुमाध्यमी अध्ययनाची तत्त्वे उभारली: दृश्याबरोबर वाचायला मजकूर देण्यापेक्षा बोललेले निवेदन बरे, अनावश्यक संगीत व सजावट टाळावी, नजर जिथे जायला हवी तिथे खूण करावी, आणि लांब पाठ शिकणाऱ्याच्या ताब्यातील तुकड्यांत विभागावा. दुसरा प्रवाह प्रत्यक्ष पाहण्याच्या नोंदींतून आला. फिलिप गुओ, जुहो किम व रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळच्या पाहण्याच्या नोंदी तपासल्या आणि सहा मिनिटांच्या आतील फिती अधिक पूर्णपणे पाहिल्या जातात, हाताने लिहीत-काढत शिकवलेल्या फिती नुसत्या स्लाइडपेक्षा अधिक खिळवतात आणि उत्साहाने, भरभर बोलणाऱ्या शिक्षकांना लोक अधिक वेळ ऐकतात असे त्यांना आढळले.

या निष्कर्षांचा आंधळा वापर मराठी पाठांत होऊ नये, कारण त्यांतले दोन येथे सरळ लागू पडत नाहीत. बोलण्याच्या वेगाचेच पाहिले तर स्पोकन ट्युटोरियलचे निवेदन मुद्दाम संथ ठेवलेले असते. हा विरोध वरवरचा आहे: गुओ आणि सहकाऱ्यांनी मोजले ते पाहणे होते, किती वेळ फीत चालू राहिली ते, पवईच्या पाठात शिकणारा पाहत असतानाच करत असतो, आणि करणाऱ्याच्या हाताला वेळ लागतो. जिथे संकल्पना समजावायची आहे तिथे वेग चालेल, जिथे पायऱ्या करून घ्यायच्या आहेत तिथे चालणार नाही. दुसरा मुद्दा उपशीर्षकांचा. निवेदनातले शब्दच पडद्यावर लिहून दाखवले तर समजण्यात अडथळा येतो असे मेयर यांच्या तत्त्वांत येते. याउलट भारतातील अनुभव असा की, अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून मांडलेल्या समभाषी उपशीर्षकांच्या कल्पनेने, म्हणजे दूरचित्रवाणीवरील गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवण्याने, कच्च्या वाचकांचे वाचन सुधारते असे दिसून आले. ज्या मुलांना मराठी वाचनाचा सराव कमी आहे किंवा ज्यांच्या घरची बोली वेगळी आहे, ज्यांना ऐकू कमी येते, किंवा जी फोनचा आवाज बंद ठेवून पाहतात, त्यांच्यासाठी उपशीर्षके ठेवणे योग्यच आहे; फक्त ती फितीत कायमची कोरू नयेत, हवी तेव्हा चालू-बंद करता यावीत. कालांकित संहिता हाताशी असली की उपशीर्षकांचे काम जवळजवळ झालेलेच असते.

पडद्यावरच्या देवनागरीकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते, कारण बाहेरच्या मार्गदर्शनात तिचा विचार नसतो. चित्रफीत लहान करताना सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक बिंदूचा उजेड-अंधार स्वतंत्र नोंदवला जातो, पण रंगाची माहिती चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकदाच साठवली जाते. परिणामी निळ्यावर लाल अक्षरे घेतली की कडा पसरतात, आणि शिरोरेषेच्या वरचा अनुस्वार, रफार, खालचे उकार या बारीक खुणा आधी पुसट होतात. ‘मत’ आणि ‘मंत’ यांत फरक उरत नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरे, मोठा आकार आणि मुक्तासारखा स्वच्छ, जाड रेषांचा मुक्त फॉन्ट घेतला की हा प्रश्न बराचसा सुटतो. संगणकाचा पूर्ण रुंदीचा पडदा मुद्रित करून तो सहा इंची फोनवर दाखवला तर मेनूतली अक्षरे मुंगीएवढी होतात. त्यापेक्षा पडद्याची विभेदनक्षमता १२८० बाय ७२० इतकी ठेवून, सॉफ्टवेअरची अक्षरे दीडपट करून, लागणारा भागच दाखवावा.

फितीच्या आकाराचा हिशेब साधा आहे, पण तो क्वचितच केला जातो. सेकंदाला २००० किलोबिट या दराने साठवलेला दहा मिनिटांचा पाठ १५० मेगाबाइटचा होतो. पडदा बहुतांश स्थिर असल्याने तोच पाठ सेकंदाला पंधरा चित्रे आणि ५०० किलोबिट या दराने घेतला तर सुमारे ३७ मेगाबाइटमध्ये बसतो आणि वाचनीयतेत फारसा फरक पडत नाही. रोजच्या डेटाची मर्यादा असलेल्या घरात हा फरक पाठ पाहणे आणि न पाहणे यांतला असतो.

ध्वनीच्या बाबतीत या तालुक्यांची स्वतःची अडचण आहे. घाटपायथ्याचा पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपरावर इतका वाजतो की शाळेच्या खोलीत मुद्रण अशक्य होते, कर्जत स्थानकाजवळ घाट चढवणाऱ्या बँकर इंजिनांचा आवाज सतत असतो आणि खोपोलीत जुन्या महामार्गाची वाहतूक. चित्र आणि आवाज एकाच वेळी मुद्रित करायलाच हवेत हा आग्रह सोडला की मार्ग निघतो. संहिता ठरलेली असेल तर पडद्याचे मुद्रण कधीही होते, आणि निवेदन रात्री, पुस्तके-कपडे यांनी भरलेल्या लहान खोलीत, माइक वीतभर अंतरावर धरून वेगळे घेता येते. सुरुवातीला काही सेकंदांची शांतता मुद्रित करून ठेवली तर ऑडॅसिटी या मुक्त साधनाने मागचा घरघराट कमी करता येतो. चित्र थोडे पुसट असले तरी शिकणारा ते चालवून घेतो, पण अस्पष्ट आवाज तो सहन करत नाही, म्हणून खर्च करायचाच असेल तर तो कॅमेऱ्यावर न करता माइकवर करावा.

या साऱ्याहून अवघड आणि अजून न सुटलेला प्रश्न एकट्या फोनचा आहे. पवईच्या पद्धतीत शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून, थांबवत-थांबवत प्रत्येक कृती लगोलग स्वतः करायची असते. महाविद्यालयाच्या संगणककक्षात हे उत्तम चालते. ‘असर’ या पाहणीच्या आकड्यांनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या मुलांच्या घरांचे प्रमाण २०१८मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून २०२२मध्ये सुमारे ७५ टक्क्यांवर गेले, म्हणजे साधन घरात आले; पण आले ते एक, आणि तेही मोठ्यांच्या खिशातले. त्या फोनवर फीत पाहणारी मुलगी त्याच वेळी त्याच फोनवर ती कृती करू शकत नाही. तिच्यासाठी पाठाची रचनाच वेगळी लागते: दहा मिनिटांऐवजी दोन-तीन मिनिटांचे तुकडे, एका तुकड्यात लक्षात राहतील अशा तीन-चार पायऱ्याच, शेवटी त्या पायऱ्यांचे एकच स्थिर चित्र जे फोनमध्ये साठवून ठेवता येईल किंवा वहीत उतरवता येईल, आणि मग फीत बंद करून करायचे काम. विषय गणिताचा किंवा भूमितीचा असेल तर हाताचे काम वहीवर होऊ शकते, आणि तिथे फोन व वही मिळून पवईच्या दोन खिडक्यांची जागा घेतात. सॉफ्टवेअर शिकवायचे असेल तर गावातील ग्रंथालय, शाळेचा संगणक किंवा ग्रामपंचायतीचे आपले सरकार सेवा केंद्र यांच्या वेळांशी पाठाची सांगड घालावी लागेल. असे एकफोनी पाठ पद्धतशीरपणे रचून, त्यांची नवशिक्यांकडून तपासणी करून घेणे, हे मराठीतील पुढचे खरे काम आहे.

या कामाची निकड शाळेतल्या गैरहजेरीकडे पाहिले की कळते. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ साली स्क्रीनकास्ट सुरू केले ते तास बुडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यातून पुढे घरी पाठ व वर्गात सराव अशी ‘उलटी वर्गपद्धती’ प्रसिद्ध झाली. कर्जत-खालापूरमध्ये तास बुडण्याची कारणे वेगळी आहेत: पावसाळ्यात भातलावणी, आणि दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबांचे वीटभट्ट्यांवर होणारे स्थलांतर, जे पुढच्या पावसाच्या तोंडाशी संपते. या महिन्यांत बुडालेला अभ्यास मुद्रित पाठाने पूर्ण भरून निघेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण शिक्षकाने दर आठवड्याला तीन मिनिटांचा एक पाठ आणि त्याबरोबर वहीतले काम पाठवले, आणि मूल परतल्यावर ते काम तपासले, तर शाळेशी धागा तुटत नाही. येथे पाठाचे यश पाहण्याच्या संख्येवर न मोजता परत आलेल्या वह्यांवर मोजावे लागते.

उदाहरणे कुठून घ्यावीत हाही रचनेचाच भाग आहे. तक्त्याचे सूत्र शिकवताना डॉलरमधील विक्रीचे आकडे घेण्याऐवजी बचत गटाची मासिक वर्गणी घेता येते, सरासरी शिकवताना कर्जतच्या केंद्रातून आलेल्या ‘कर्जत-३’ या भाताच्या वाणाचे गावातल्या शेतकऱ्यांनी सांगितलेले उत्पन्न घेता येते, आणि आलेख काढायला खोपोलीच्या पावसासारखा दुसरा विषय नाही. अशा उदाहरणांनी पाठ रंजक होतो हा लाभ दुय्यम. मुख्य लाभ हा की शिकणाऱ्याला आकडे आधीच कळलेले असतात आणि त्याची अपुरी कार्यस्मृती नवीन कृतीसाठी मोकळी राहते.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे असे की पडदा मुद्रित होताना वरून सरकणारे संदेश, बँकेचे संकेतांक, विद्यार्थ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांकही मुद्रित होतात, म्हणून या कामासाठी संगणकावर वेगळे खाते उघडावे आणि सूचना बंद ठेवाव्यात. दृष्टिहीन श्रोत्याचा विचार करून ‘इथे’, ‘यावर’ असे न म्हणता प्रत्येक बटणाचे नाव उच्चारावे. त्याचा लाभ डोळस श्रोत्यालाही होतो. पाठ्यपुस्तकाची पाने किंवा दुसऱ्याची चित्रे दाखवताना त्यांचा परवाना पाहावा, आणि स्वतःच्या पाठावरही परवाना स्पष्ट लिहावा, नाहीतर शेजारच्या शाळेला तो वापरावा की नाही हेच कळत नाही.

शेवटचा प्रश्न देखभालीचा आहे आणि तो कोणीही आनंदाने हाती घेत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, शासकीय संकेतस्थळावरचे बटण हलले, की पाठातली एक पायरी खोटी होते आणि नवशिका नेमका तिथेच अडतो, कारण फीत चुकली असेल अशी शंका त्याला येत नाही. तो स्वतःलाच दोष देतो. म्हणून प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला आवृत्ती व महिना सांगणे, पाठ लहान तुकड्यांत ठेवणे जेणेकरून एकच तुकडा बदलता येईल, आणि संहिता व मूळ मुद्रणे जपून ठेवणे हे निर्मितीइतकेच आवश्यक आहे. हे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातले नाही. दहा मिनिटांच्या पाठामागे कित्येक तासांचे लेखन, तपासणी व संपादन असते आणि आज ते शिक्षकाच्या कामाच्या वेळेत धरले जात नाही. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत, जिथे परिसरातील शाळांचे शिक्षक एरवीही जमतात, हे काम वाटून घेता येईल: एकाने संहिता लिहावी, दुसऱ्या शाळेतील शिक्षकाने विषयाच्या अंगाने ती तपासावी, तिसऱ्याने मुद्रण करावे, आणि नवशिक्याची तपासणी ज्या वाडीसाठी पाठ आहे त्या वाडीतल्याच मुलांकडून करून घ्यावी, त्यांच्याकडे असलेल्या फोनवर, त्यांना मिळणाऱ्या नेटवर्कवर. त्या तपासणीला लागणारा वेळ जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने प्रशिक्षणाचा भाग म्हणून मान्य केला, तर पवईत सिद्ध झालेली पद्धत साजगावच्या शाळेत नेण्यासाठी नवीन यंत्रसामग्री जवळजवळ काहीच लागणार नाही.